व्याख्यान फुकट, हप्ता चालू

मालवणात हल्ली बांगडा कमी आणि प्रेरणा जास्त येते. बांगडा निदान मोसम बघून येतो, प्रेरणादायी वक्त्याला तेही बंधन नाही. बचतगटांचा मेळावा असो, कॉलेजातलं उद्योजकता शिबिर असो, नाहीतर एखाद्या पतसंस्थेचा वर्धापनदिन असो. पुण्या-मुंबईची गाडी येते, पाहुणा उतरतो, दुपारी सुरमईचं ताट रिचवतो आणि संध्याकाळी व्यासपीठावर चढून सांगतो की अपयशाला घाबरू नका, अपयश हाच खरा गुरू. मग एडिसनचा दिवा लागतो. हजार वेळा फसला, पण थांबला नाही! समोर तिसऱ्या रांगेत बसलेल्या बाईचे दोन हप्ते थकलेले असतात. तिनेही टाळ्या वाजवायच्या.

मी मालवणच्या बाजारपेठेत लोकांचे हिशेब लिहितो. खानावळवाले, होमस्टेवाले, होडीवाले, काजू फोडणारे, मसाले-लोणची करणाऱ्या बाया. कुणाचा धंदा बसतोय हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं. त्या जोरावर सांगतो, नुसतं अपयश कुणाला काही शिकवत नाही. ते माणसाला रात्री झोपू देत नाही, लग्नकार्यात मान खाली घालायला लावतं आणि पुष्कळदा मुंबईला नेऊन सोडतं. शिकायला मिळतं ते बुडालेल्या धंद्याच्या वहीतून, ती वही चारचौघांत उघडली तर. आणि ती उघडायची हिंमत आमच्याकडे कुणातच नाही. धंदेवाल्यात नाही, बँकेत नाही, सरकारात नाही, आणि त्या सुरमई खाल्लेल्या पाहुण्यात तर नाहीच.

पाहुण्याच्या पोतडीत देशी माल म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्कर हमखास असतात. आमच्याकडे तर जास्तच, कारण किर्लोस्कर हे आडनाव ज्या किर्लोस गावावरून आलं ते गाव मालवण तालुक्यातलंच. बेळगावात लोखंडी नांगर केला, शेतकरी म्हणाले लोखंडाने जमिनीत विष भिनतं, दोन वर्षं नांगर खपला नाही, तरी लक्ष्मणराव खचले नाहीत आणि पुढे किर्लोस्करवाडी उभी राहिली. टाळ्या. आता मधली गाळलेली पानं वाचू. बेळगावच्या नगरपालिकेला जागा हवी झाली आणि कारखान्याला तिथून उठावं लागलं. तेव्हा औंध संस्थानाचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. कुंडलजवळची माळजमीन दिली, वर दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. साल १९१०. त्या काळातले दहा हजार! पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. लक्ष्मणरावांची जिद्द खरीच, तिला माझा दंडवत. पण त्या जिद्दीच्या पाठीशी एक नाही, दोन संस्थानं उभी होती. तिसऱ्या रांगेतल्या बाईच्या पाठीशी कोण आहे? पतसंस्थेचा वसुली अधिकारी.

दुसरं उदाहरण तर आमच्या घरचं. नाटक कंपनी हाही छोटा धंदाच, आणि बेभरवशाचा. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळी तात्या सरपंच झाले. आज सगळे पाच हजारांवर प्रयोग, लंडनवारी, मालवणीचा झेंडा वगैरे सांगतात. सुरुवातीचे प्रयोग मात्र रिकाम्या खुर्च्यांपुढे झाले होते. मग पु. ल. देशपांडे यांनी नाटक पाहिलं, कौतुकाचं पत्र लिहिलं, ते छापून आलं आणि बुकिंगच्या खिडकीवर रांग लागली. नाटक अस्सलच होतं, म्हणून ती रांग टिकली. पण ते पत्र आलं नसतं तर? तेव्हा तितकीच अस्सल आणखी किती नाटकं चार प्रयोगांत गुंडाळली गेली असतील, त्यांची नावं कुणाला ठाऊक आहेत? वक्ता तरलेल्यांचीच गोष्ट सांगतो, कारण बुडालेल्यांना कुणी व्यासपीठावर बोलावत नाही. आणि तरलेल्याच्या गोष्टीतूनही त्याला हात देणाऱ्याचं नाव तो आधी खोडतो.

पाहुण्याचं एवढं पुरे. तो संध्याकाळच्या गाडीने परत जातो. आपण इथेच राहतो, आणि आपलं वागणं त्याच्याहून वाईट आहे.

एका वाडीत बायकांच्या गटाने अमृत कोकम केलं. वाडीचं नाव सांगत नाही, त्या बायकांनी पुरेसं सोसलं आहे. रातांबे घरचे, मेहनत घरची, लेबल कुडाळात छापलेलं, त्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याचं चित्र. साखर महागली म्हणून कोणीतरी सुचवलं की थोडी कमी घालू, हल्ली लोकांना गोड नकोच असतं. अमृत कोकमात साखर चवीपुरती नसते. सरबताचा पाक टिकतो तोच साखरेच्या जोरावर. ती कमी पडली, वर बाटल्या धुऊन नीट सुकवल्या नव्हत्या, आणि मे महिन्याचा उकाडा. पंधरवड्यात माल फसफसला. रात्री खोलीतून फटाके वाजल्यासारखे आवाज यायला लागले. सकाळी बघतात तर बुचं उडालेली, भिंतीवर लाल ओघळ, आणि खाली मुंग्यांची जत्रा. मुंबईतल्या दुकानाला गेलेला खोकाही परत आला, परतीचं भाडं गटाच्याच माथी. वर्षभराची बचत गेली. गट फुटला. दोन जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात खाडीपलीकडच्या गटाने नेमकं तेच केलं. साखर कमी, ओल्या बाटल्या, उडालेली बुचं. मधलं अंतर किती, तर तरीतून पलीकडे जायला लागतं तेवढं. पहिल्या गटातल्या एकीला विचारलं, तुम्ही त्यांना सांगितलं का नाही? ती म्हणाली, “आमचो धंदो बुडालो तां काय गावभर सांगाचां?”

तिला दोष कसा द्यावा? तिने सांगितलं असतं तर काय ऐकलं असतं ते मला ठाऊक आहे. “माका पयलाच म्हायत होता.” मालवणी माणसाचं हे राष्ट्रगीत आहे. दुसऱ्याचं दुकान उघडताना पेढा खाऊन, पाठ फिरली की ‘किती दिवस टिकता बघूया’ म्हणायचं. आणि बंद पडलं की नाक्यावर उभं राहून आपण आधीच कसं ओळखलं होतं ते सांगायचं. एवढं ज्ञान होतं तर पेढा गिळताना ते कुठे होतं? आमची विनोदबुद्धी जगात भारी, यात वाद नाही. पण तिच्या धाकाने माणसं आपला तोटा पोटात ठेवून मरतात, आणि तो तोटा पुढच्या घरात नव्याने जन्माला येतो.

गंमत म्हणजे याच गावाला तोटा उघड्यावर मांडायची जुनी सवय होती. रापण बघा. जाळं होडीतून अर्धगोल टाकतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि वाडीतले बाप्ये-बाया-पोरं मिळून ओढतात. जाळं वाळूवर आलं की जे आहे ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मासळी असली तर वाटे पडतात, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. नुसतं शेवाळ आणि जेलीफिश आले तर तेही सगळ्यांनी बघितलेलं असतं. रिकामी रापण लपवता येत नाही. मग तिथेच वाळूत बसून वाद, पाणी कुठून होतं, जाळं कुठे फाटलं, तांडेलाचा अंदाज का चुकला. शिव्या भरपूर, पण त्या शिव्यांत दुसऱ्या दिवसाचा शहाणपणा असतो.

तीच माणसं समुद्राकडे पाठ करून धंद्यात उतरली आणि कुलपं लावून बसली. उतरावं का लागलं, तेही सांगितलं पाहिजे. पर्ससीन जाळ्यांनी आणि एलईडीच्या दिव्यांनी समुद्र उपसला. पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. २०१६ च्या फेब्रुवारीत पर्ससीनवर निर्बंध घालणारा शासनाचा आदेश निघाला, २०२१ मध्ये कायदा कडक झाला, आणि रात्री समुद्रात दिवे दिसायचे ते दिसतातच. म्हणून दांडी, वायरी, तारकर्ली, देवबाग इथल्या घरांनी पडवीला भिंती घातल्या, एसी लावले, होडीवर लाइफ जॅकेटं चढवली. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता, त्याला अर्थ आला तो या माणसांनी स्वतःच्या घरात उठण्या-बसण्याची जागा सोडून पाहुण्याला दिली म्हणून.

आता या होमस्टेचा हिशेब जवळून बघा. समजा चार खोल्या, कर्ज वीस लाख, साडेदहा टक्के, सात वर्षं. हप्ता साधारण तेहेतीस हजार सातशे, वर्षाला चार लाख पाच हजारांच्या घरात. कर्जासाठी एजंट जो प्रकल्प अहवाल करून देतो त्यात खोल्या वर्षभर साठ टक्के भरलेल्या असतात. खोलीला दोन हजार धरले तर वर्षाची जमा साडेसतरा लाख! कागदावर माणूस तीन वर्षांत फ्लॅट घेतो. खरं काय होतं? दिवाळी, नाताळ ते एकतीस डिसेंबर, लांबलेले शनिवार-रविवार, आणि मे. खोल्या खरोखर भरलेले दिवस नव्वद धरा, ते उदार मनाने. जमा सात लाख वीस हजार. त्यातून बुकिंग अ‍ॅपचं कमिशन, एसीची वीज, चादरी, टँकर, कामाची बाई, पाहुण्याने फोडलेला गीझर असा पंचेचाळीस टक्के खर्च वजा करा. राहिले तीन लाख शहाण्णव हजार. हप्त्यालाच आठ-नऊ हजार कमी. पहाटे पाचला उठून घावणे घालणाऱ्या सासू-सुनेची मजुरी यात कुठेच नाही.

साठ टक्क्यांचा तो अहवाल कुठून येतो, ते एकदा माझ्या नजरेस पडलं. देवबागच्या होमस्टेच्या अहवालात, नवव्या पानावर, ‘पक्ष्यांचे लसीकरण वेळेवर केले जाईल’ असं वाक्य होतं. एजंटने कुणाच्या तरी पोल्ट्रीचा अहवाल घेऊन नावं बदलली होती, हे वाक्य राहून गेलं. कर्ज मंजूर झालं. म्हणजे तो कागद मालकाने वाचला नव्हता, एजंटने वाचला नव्हता आणि बँकेनेही वाचला नव्हता. उद्या हा होमस्टे बुडाला तर पाहुणा येऊन सांगणार, अपयशातून शिका. कोणी शिकायचं? कोंबड्यांनी?

आणि हप्त्यांचं वेळापत्रक. जलक्रीडा आणि किल्ल्याची होडी दरवर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद. समुद्र खवळलेला असतो, बंदी योग्यच आहे. दिवस मोजा, अठ्ठ्याण्णव. रिझर्व्ह बँकेचा नियम काय? हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खातं अनुत्पादक. म्हणजे ज्याच्याकडे गाठीला काही नाही त्या होडीवाल्याला सरकार अठ्ठ्याण्णव दिवस घरी बसवतं आणि बँक नव्वदाव्या दिवसानंतर त्याला बुडीत ठरवते. पीककर्जाला हा नव्वद दिवसांचा दंडक नाही, तिथे हंगाम मोजतात. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगामांची सवड आहे. कारण भात आषाढात कापता येत नाही हे दिल्लीला समजतं. आषाढात स्कूबा करता येत नाही हे मात्र तिथे अजून कुणाच्या डोक्यात शिरलेलं नाही. जून, जुलै, ऑगस्टचे हप्ते ऑक्टोबर ते मेच्या हप्त्यांत मिसळून देणं याला अर्थशास्त्रातलं नोबेल लागत नाही. पेन लागतं.

या नियमात अडकून सिबिल खराब झालेली तरणी पोरं मी पाहिली आहेत. अपयश ही यशाची पहिली पायरी असेल, पण सिबिलच्या जिन्याला ही पायरीच नाही. पहिल्या धंद्यात हात पोळलेला, म्हणजे खरंच काही शिकलेला मुलगा दुसऱ्या कर्जाला गेला की त्याला दारातून परत पाठवतात, आणि त्याच दिवशी कधीच काही न केलेल्याला पोल्ट्रीच्या अहवालावर पैसे देतात.

आता सरकार. २०१९ च्या ऐन दिवाळीत क्यार वादळाच्या लाटा देवबागच्या घरांत शिरल्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. १६ मे २०२१ ला तौक्ते आलं, कौलं गेली, पत्रे गेले, होड्या फुटल्या. मे २०२२ मध्ये तारकर्लीसमोर पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला आणि हंगामाचा शेवट सुतकात झाला. तीन हंगामांत लागोपाठ चार तडाखे. पंचनामे झाले, अधिकारी आले, मंत्री आले, गुडघाभर पाण्यात उभे राहून फोटो निघाले. यातून नेमकं काय शिकलो, याचा साध्या मराठीतला एक कागद एखाद्या जेटीवर डकवलेला मला दिसलेला नाही. कुठली होडी का उलटली, किती माणसं होती, वाऱ्याचा इशारा कधी आला होता, कुणाचं जॅकेट कुठे होतं. विमान कोसळलं की चौकशी होते आणि अहवाल जाहीर होतो. आंतरराष्ट्रीय नियमच तसा आहे, आणि त्याचा हेतू कुणाला फासावर देण्याचा नसून पुढचं विमान वाचवण्याचा, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणून आज विमानात बसणं सुरक्षित. आमच्या होडीचा अपघात मात्र महिनाभर नाक्यावर चघळला जातो आणि पावसाबरोबर वाहून जातो.

कॅनडात अभियंत्यांची एक संस्था आहे, ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स’. तिने २००८ पासून आपल्या फसलेल्या कामांचे अहवाल स्वतःच छापायला घेतले. कुठे पैसे वाया गेले, कुणाचा अंदाज चुकला, सगळं नावानिशी. आमचं जिल्हा प्रशासन काय छापतं? यशोगाथा. गुळगुळीत कागद, फेटा बांधलेली ताई, हातात बरणी, पाठीमागे योजनेचं नाव. अनुदानाच्या तिसऱ्या वर्षी पडताळणीला माणूस येतो तोही फोटोच काढतो: पाटीसकट मालक, यंत्रासकट मालक. यंत्र त्या दिवसापुरतं सुरू करायचं असतं. धंदा चालू आहे की यंत्राचा पट्टा काल सकाळी बसवला, हे फोटोत दिसत नाही.

आणि मोठ्यांचं अपयश बघायचं तर आम्हाला लांब जावं लागत नाही. इथल्याच राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेही नाहीत. समोर साडेतीनशे वर्षं लाटा खात उभा असलेला महाराजांचा किल्ला. शरमेने मान खाली गेली, अख्ख्या महाराष्ट्राची. आणि पुढच्या मे महिन्यात त्याच जागी आधीच्याहून उंच पुतळा उभा राहिला. उभा राहायलाच हवा होता, प्रश्न तो नाही. प्रश्न एवढाच की चुकलेल्या सरकारी कामाला वर्षाच्या आत दुसरा निधी मिळतो, आणि तौक्तेत टपरी उडालेल्या शहाळीवाल्याला सांगतात, अपयश पचवायला शिक.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका मेळाव्याच्या आयोजकांना मी म्हटलं, यंदा पाहुणा नको. धंदा बंद केलेली इथलीच तीन माणसं व्यासपीठावर बसवा. एक होमस्टेवाला, एक होडीवाला, एक कोकमवाली. त्यांना बोलायला लावा: किती घातले, किती गेले, कुठल्या महिन्यात कळलं, कळूनही का थांबला नाहीत. शेजारी बँकेच्या साहेबांना बसवा आणि त्यांच्या शाखेतून पाच वर्षांपूर्वी कर्ज घेतलेल्यांपैकी आज किती जण धंद्यात आहेत तेवढा एक आकडा विचारा. एडिसनपेक्षा स्वस्त आणि उपयोगी कार्यक्रम होईल.

आयोजक भला माणूस. तो गोंधळला. म्हणाला, “भाऊ, पण त्यांचो सत्कार कसलो म्हणान करूचो?”

म्हटलं, सत्कार नको, शाल नको, नारळ तर नकोच. पाहुण्याला मानधनाचं जे पाकीट देता ते तिघांत वाटून द्या, त्यांचा एखादा हप्ता फिटेल.

“बघूया,” म्हणाला. मग घसा खाकरून मूळ कामाकडे वळला. पाहुण्याची तारीख पक्की झाली होती, मुक्कामाला समुद्राकडची खोली हवी होती, आणि ती फुकट देईल असा एखादा होमस्टेवाला माझ्या ओळखीत आहे का, हे विचारायला तो आला होता.